गूळ आणि गोळ

बाबूलाल राठोड बैलाला नाही म्हणे, शेजाऱ्याला नाही म्हणे, सोयाबीन पडत्या भावात मागणाऱ्या व्यापाऱ्याला तर त्याचं वाक्य सुरू व्हायच्या आधीच नाही म्हणे. एका किशन चव्हाणसमोर मात्र त्याच्या तोंडातून 'हो मुकादम' एवढंच निघायचं.

त्याला कारण होतं. तरुणपणी बाबूलाल आणि त्याची बायको रुपाबाई ऊसतोडीला जायचे, तेव्हा टोळीचा मुकादम किशन होता. तो ऊठ म्हणाला की उठायचं, बस म्हणाला की बसायचं. पुढे बाबूलालने मानोऱ्याजवळच्या आपल्या तांड्यात विहीर खोदली, तूर-सोयाबीन घेऊ लागला आणि कोयता कायमचा छपराला खोचून ठेवला. किशन पुण्याला गेला, बांधकामांवर माणसं पुरवायचा ठेकेदार झाला, पांढरे बूट घालू लागला. आता दोघांचं एकमेकांवाचून काही अडत नव्हतं. पण अंगाला लागलेली सवय अंग सोडत नाही. किशनचा फोन आला की बाबूलाल अजूनही खाटेवरून उठून, उभा राहून बोलायचा.

असाच उभ्याने त्याने एक फोन घेतला.

"बाबूलालभाऊ, तुमची रुचिका पुण्यात, माहा बादल पुण्यात. या एक दिवस. हॉटेलात जेवू, नाटक पाहू, पोरं एकमेकाले पाहून घेतीन."

"हो मुकादम," बाबूलाल म्हणाला आणि फोन ठेवल्यावर बायकोकडे वळला. "कायच्यासाठी पाहून घेतीन?"

रुपाबाई कमी बोलते. जे बोलत नाही ते तिच्याकडे साचून राहतं आणि वेळ आली की व्याजासकट बाहेर येतं. तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. मग लेकीला फोन लावला.

रुचिका पुण्यात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. बादल चव्हाण तिला ऐकून माहीत होता, आणि त्याचा बाप काय म्हणतो तेही. सून शिकलेली पाहिजे. पण शिकून तिने घर सांभाळायचं, ठेकेदारीचे फोन घ्यायचे, नोकरीची गरज काय? एवढं ऐकून तिला पुरे झालं होतं.

"याडी," ती आईला म्हणाली, "मले आत्ता लग्न करायचं नाही. दवाखान्यात नोकरी करायची आहे. बाले सांग, येऊन पाहा, जेवा, पण हो म्हणून जाऊ नोको."

"तुह्या बापाले मी पाहतो," रुपाबाई म्हणाली. वऱ्हाडात बाईही 'पाहतो' म्हणते, आणि म्हणते तेव्हा खरंच पाहते.

ट्रॅव्हल्सच्या गाडीत बसल्याबसल्या तिने बाबूलालला पढवायला घेतलं. कारण तांड्यातली रीत तिला चांगली ठाऊक होती. सोयरीक ठरते ती कागदावर नाही, गुळावर. दोन्हीकडची माणसं बसतात, तांड्याचा प्रमुख म्हणजे नायक बसतो, पंच बसतात, गूळ फुटतो आणि दोन्ही बापांच्या तोंडात जातो. या कार्यक्रमाचं नावच गोळ. एकदा गोळ झाला की पोरगी दिली, शब्द गेला. मग मागे फिरणारा बाप तांड्याच्या ओट्यावर पुन्हा मान वर करून बसत नाही.

"गोड काही खायचं नाही," ती म्हणाली. "कोणी लयच आग्रह केला तं शुगर आहे म्हणजो."

"मले कोठी शुगर आहे?"

"पुण्यापुरती आहे."

किशनने निवडलेलं थाळीचं हॉटेल नाटकाच्या थेटरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. दारात पितळी घंटा टांगलेली, खाली पाटी: जेवण आवडलं तर वाजवा. आत फेटे बांधलेले वाढपी हातात भांडी घेऊन असे धावत होते की बाबूलालला आधी वाटलं, लग्नच आहे कोणाचं तरी. घरात बंजाऱ्यांची गोरबोली आणि घराबाहेर वऱ्हाडी असा त्यांचा रिवाज. पुणं म्हणजे तर पुरतंच घराबाहेर. म्हणून सगळे वऱ्हाडीत बोलत होते आणि शेजारच्या टेबलावरची माणसं मधूनच माना वळवत होती.

किशनची बायको निता आली नव्हती. तिच्या भावाकडे लग्न होतं, ती दिग्रसला गेली होती. किशन त्यामुळे जरा जास्तच खुशीत दिसला. टेबलाच्या टोकाशी बसून त्याने रुचिकाकडे पाहिलं. माणूस पाहिला की तो किती उचलेल याचा अंदाज घ्यायची त्याला जुनी सवय.

"किती मार्क पडतात?" त्याने विचारलं.

"चांगले पडतात काका."

"आमच्या बादलले कधी पडले नाही. म्हणजे जमलं. एकाले तरी पाह्यजे."

बादल ताटात मान घालून हसला. गोरा, गुबगुबीत, बापाच्या पोकलेनवर बसणारा पोरगा. पोकलेन चालवताना तो भिंती पाडतो म्हणे. बापासमोर त्याचा आवाज पापडासारखा मोडत होता.

वाढप सुरू झालं. पहिला आला बासुंदीवाला. बाबूलालने ताटावर हात आडवा धरला. मग जिलबीवाला आला. पुन्हा हात. मग मुगाचा शिरा घेऊन एक आला, त्याच्याकडे बाबूलालने तोंडच फिरवलं. पण त्याच्या नाकपुड्या मात्र शिऱ्याच्या मागेमागे दोन टेबलं गेल्या.

"भाऊ, काहून?" किशन म्हणाला. "फुकट आहे समजा."

"शुगर आहे मुकादम."

"शुगर? कधीपासून?"

"गाडीत बसलो तवापासून," बाबूलाल म्हणाला. रुपाबाईने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

रात्रभराचा प्रवास, सकाळी नुसता चहा, आणि समोर एवढं सगळं परत जातंय. बाबूलालचा चेहरा पाहून वाढप्यालाही वाईट वाटलं असावं. तो वाकला, त्याने विचारलंही नाही. बाजरीची गरम भाकरी ताटात टाकली, वर तुपाची धार सोडली आणि शेजारी गुळाचा खडा ठेवला.

बाबूलालने सुटकेचा श्वास सोडला. इतक्या परक्या वाट्यांमध्ये एक तरी ओळखीची गोष्ट आली. शिरा गोड, जिलबी गोड. भाकरी-तूप-गूळ म्हणजे त्याच्या हिशोबी गोडात येतच नव्हतं, ते जेवण होतं. आयुष्यभर जसं केलं तसंच त्याने केलं. भाकरी मोडली, गुळाचा तुकडा तिच्यात दाबला आणि घास तोंडात घातला.

समोर किशनचा हात थांबला. त्याच्या ताटातही गूळ होता. तुमच्या-आमच्या डोक्यात विचार यायला वेळ लागतो. मुकादमाच्या डोक्यात संधी आधी येते, विचार मागाहून. त्याने आपल्या ताटातला गूळ उचलला, बाबूलालच्या डोळ्यांत पाहिलं आणि तोंडात टाकला.

"इवाई!" तो ओरडला. व्याह्याला वऱ्हाडात हाच शब्द.

बाबूलालच्या तोंडातला घास होता तिथेच थांबला. गिळावा तर सोयरीक, थुंकावा तर अन्न. डोळे मोठे करून तो बायकोकडे पाहत राहिला, आणि मग घास आपोआप, सवयीने, खाली गेला.

किशन उठून त्याच्या गळ्यात पडला. वाढप्यांना वाटलं वाढदिवस आहे. दोघातिघांनी टाळ्या धरल्या. मॅनेजर हसत आला. "कोणाचा बर्थडे?"

"कोणाचाच नाही," रुपाबाई म्हणाली.

"सोयरीक झाली, सोयरीक!" किशन म्हणाला. "आन अजून गूळ!"

आणि त्या बिचाऱ्याने आणला. वाटीभर.

रुचिकाने आपल्या ताटातल्या गुळावर आमटीची रिकामी वाटी उपडी ठेवली होती. तिने बापाकडे एकदा पाहिलं, तेवढं बाबूलालला पुरलं. उरलेली भाकरी त्याच्याने खाववली नाही. निघताना किशनने दारातली घंटा अशी वाजवली की रस्त्यावरचा रिक्षावाला थांबला.

थेटराकडे जाताना किशन पुढे चालत होता आणि कोणाला न विचारताच मोठ्याने ठरवत होता: लग्न कुठे, मंडप कोणाचा, रुचिकाचं शिक्षण संपलं की लगेच. "नोकरीचं काय, पाहू पुढं," तो म्हणाला. ज्या सुरात माणसं 'पाहू पुढं' म्हणतात, त्या सुरात पुढे कोणी काही पाहत नाही.

मागे रुपाबाई नवऱ्याच्या बरोबरीने चालत होती.

"थुकून टाकता नाही आला?"

"अन्न होतं वं ते."

"मंग पोरगी काय आहे?"

बाबूलाल फुटपाथच्या फरशा पाहत म्हणाला, "आता गोळ खाल्ला. मी खाल्ला. कसा फिरू?" आणि हे तो मुकादमाच्या धाकाने म्हणत नव्हता. तो त्या गुळाला घाबरला होता. रुपाबाईच्या ते लक्षात आलं, आणि तिची काळजी दुप्पट झाली. मुकादमाच्या धाकातून माणूस सोडवता येतो, स्वतःच्या शब्दातून सोडवणं अवघड.

नाटकाचे पास किशनला एका बिल्डरने दिले होते. खुर्च्यांवर नंबर होते, पण माणसं कुठे बसवायची हे मुकादमाला नंबर सांगणार का? त्याने बाबूलालला आपल्याजवळ घेतलं. पलीकडे रुपाबाई, मग रुचिका आणि कडेला बादल. "पोरं शेजारी-शेजारी," तो म्हणाला.

तिसरी घंटा झाली, अंधार झाला, पडदा सरकला. रंगमंचावर एक म्हातारा, दोन भाडेकरू आणि एक भलंमोठं कपाट. लोक हसत होते. बाबूलालच्या रांगेत मात्र कोणाचंच लक्ष नव्हतं.

अंधारात बादलला धीर आला.

"तुमाले पसंत आहे काय हे?" त्याने पुढे बघतच विचारलं.

"नाही," रुचिका म्हणाली.

"हाश्श." त्याने एवढा मोठा श्वास सोडला की पुढच्या बाईंनी मानेवर हात फिरवला. "मले वाटलं मीच एकटा."

रुचिकाला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्या आधी दुसरंच वाटलं. "काहून? काय वांधा आहे माह्यात?"

"वांधा काही नाही जी. तुमी सुई टोचता. मले सुई पाहूनच चक्कर येते."

"घरी कोणी सुई टोचत नाही."

"तुमी मनावर घेतलं तं टोचसान," बादल म्हणाला. "अन् दुसरं म्हंजे, माह्या याडीले या गोळाचं मालूम नाही. तिनं जाताना बजावलं होतं, पाह्याले जा, पण मी आल्याबिगर गोळ-बिळ करायचा नाही. आता बापाचं काही खरं नाही."

"शुक्!" मागून कोणीतरी म्हणालं.

नर्सिंगला गेलेल्या पोरीला कोणती बातमी कोणाला आणि कधी सांगायची हे शिकवलेलं असतं. रुचिका आईच्या कानाशी वाकली आणि तिने सगळं सांगितलं. रंगमंचावर कपाटातून एक भाडेकरू बाहेर पडला, सगळं थेटर हसलं आणि त्या हशात रुपाबाईही हसली. नाटकातलं तिने काही पाहिलं नव्हतं.

मध्यंतरात बाहेर वड्यांच्या टेबलाशी गर्दी झाली. किशन कोपराने वाट काढत सगळ्यांसाठी वडे घेऊन आला. रुपाबाई पदर सारखा करून पुढे झाली.

"मुकादम, निता बाईले फोन लावून द्या."

"कायले?"

"कायले म्हंजे? इहीन झाली ती माही. तिचं तोंड गोड नोको करू काय?"

"ती... लग्नघरात आहे. गडबडीत असन."

"मंग तं बरंच आहे. सारा गोतावळा एका जागी सापडन. स्पीकरवर सांगू, तिचे भाऊ-भावजया ऐकतीन."

किशनच्या हातातला वडा तोंडापर्यंत आला होता, तो खाली गेला. या माणसाने साखर कारखान्याचे चिटणीस, बिल्डर, पोलीस असे पुष्कळ लोक हाताळले होते. निताला हाताळल्याचं मात्र कोणी ऐकलं नव्हतं.

"थांबा ना रुपाबाई. एवढी घाई कायची?"

"घाई कोण करून राह्यलं? गोळ तं झाला."

"झाला म्हंजे... तसा झाला. पण तसा म्हंजे..." किशनने रुमाल काढला. "थोडा गमतीचाच भाग होता तो."

इथेच सगळं मिटलं असतं. पण बाबूलाल मधे पडला.

"गंमत कशी मुकादम?" तो गंभीरपणे म्हणाला. "गूळ खाल्ला तुमी, खाल्ला मी. मी शब्दाचा माणूस आहे. मी फिरत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा तो किशनशी ठाम बोलला, आणि बोलायला त्याने हाच मुहूर्त काढला. रुपाबाईने डोळे मिटले. रुचिकाने वडा तसाच कागदात गुंडाळला. किशन घामाघूम होऊन त्याच्याकडे पाहत राहिला. ज्याला फिरायचं होतं त्याला बाबूलाल फिरू देईना.

"मी काय म्हणतो," किशन आवाज खाली आणून म्हणाला, "रीत पुरी झाली का नाही, ते सेवालाल नायकाले इचारून घेऊ. तुमचा तांडा, तुमचा नायक. ते म्हणतीन ते."

बाबूलालला ते पटलं. नायकाच्या शब्दापुढे त्याचा शब्द छोटा. किशननेच फोन लावला, स्पीकर चालू केला. पलीकडे सेवालाल नायकाच्या ओट्यावर शेळी ओरडत होती.

"कोण?"

"मी किशन मुकादम, नायकबा. पुण्याहून. बाबूलाल आहे सोबत. आमचा गोळ झाला."

"काय झालं?"

"गोळ!" किशन ओरडला. वड्याच्या रांगेतली चार डोकी वळली.

"झाला? मले सोडून?" आवाज एकदम तरतरीत झाला. "कोणी फोडला गूळ?"

किशनने बाबूलालकडे पाहिलं. बाबूलाल फोनवर वाकला. "फोडला कोणीच नाही नायकबा. वेटरनं वाढला."

"वेटर कोण्या तांड्याचा?"

"तांड्याचा नाही जी. हॉटेलचा."

"गोत कोणतं त्याचं?"

"इचारलं नाही."

"पंच कोण होते?"

बाबूलालने प्रामाणिकपणे आठवलं. "मॅनेजर होता. टाळ्या वाजवणारे होते दोनतीन."

फोनमधून थोडा वेळ फक्त शेळी ऐकू आली. मग नायक हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले.

"अरे बाबूलाल, ज्याच्या हातचा गूळ त्याच्या घरी सोयरीक. म्हंजे तुही पोरगी त्या वेटरच्या घरी गेली! आन त्याले तांड्यावर, गोत पाहू." मग आवाज सरळ करून म्हणाले, "आता नीट ऐका दोघंही. भाकरीसंग खाल्ला तो गूळ. नायकासमोर, दोन्ही घरच्या बायामाणसात बसून खाल्ला तो गोळ. तुमी गूळ खाल्ला. जेवले, पचवा. बाकी काही झालं नाही. पोरीले इचारलं का कोणी?"

रुचिकाने पुढे होऊन फोन हातात घेतला.

"नायकबा, मी रुचिका. मले आत्ता लग्न नाही करायचं. नोकरी करायची आहे."

"मंग सांगत काहून नाही बाई? एवढा पुण्याचा फोन कायले? आपल्या तांड्यात बीपी पाहाले कोणी नाही. सुट्टीत आली का मशीन घेऊन येजो." आणि फोन बंद झाला.

सगळ्यात आधी किशन हसला. इतक्या जोरात की त्याच्या पांढऱ्या बुटांवर चटणी सांडली आणि त्याला तिचं काहीच वाटलं नाही. "वेटरच्या घरी!" तो बाबूलालच्या पाठीवर थाप मारत म्हणाला. "इवाई, तुमचा जवाई फेटा बांधते!" बाबूलालने कपाळावरचा घाम पुसला, हातातला वडा एकदम सगळा तोंडात घातला आणि दुसरा उचलला. बादलने न विचारता तीन खाल्ले. कोणाच्या खात्यावर किती सुटका जमा झाली हे मांडायला बसलं तर रुचिकाच्या आधी किशनचं नाव येईल असं मला वाटतं. पण त्याच्या खात्यावर ती फार दिवस टिकणार नव्हती. निता परवा येणार होती, आणि बादलच्या पोटात गोष्ट राहत नाही.

"याडीले सांगू नोको," किशन पोराला म्हणाला.

"मी कशाला सांगू?" बादल म्हणाला. आणि त्याच्या चेहऱ्यावरून सगळ्यांना कळलं की सांगणार.

घंटा झाली. आत जाताना किशनने कोणाला कुठे बसवलं नाही. जो तो जागा सापडेल तसा बसला. बाबूलालच्या एका बाजूला किशन आणि दुसऱ्या बाजूला एक पुणेकर आजोबा आले. पडदा उघडायच्या आत बाबूलाल त्यांच्याकडे झुकला.

"काका, पहिल्या अंकात काय झालं?"

आजोबांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही इथंच होतात ना?"

"होतो जी. पण घरचं चालू होतं."

आजोबांनी सुस्कारा टाकला आणि म्हातारा, भाडेकरू, कपाट असं सगळं थोडक्यात सांगितलं. बाबूलाल मन लावून ऐकत होता. मग नाटक सुरू झालं आणि तो असा हसायला लागला की शेवटी आजोबाही त्याच्याकडे बघून हसू लागले. कपाटातून कोण निघणार हे त्याला आधीच कळायचं, आणि कळलं की तो किशनला कोपराने ढोसायचा.

रुचिकाला मात्र कपाटातून काय निघालं ते कळलं नाही. ही भेट ठरल्यापासून तिला नीट झोप नव्हती. अंधार झाला, खुर्ची मऊ होती, शेजारी आई होती. तिचं डोकं रुपाबाईच्या खांद्यावर कधी कलंडलं ते दोघींनाही समजलं नाही. बादलने आपली पाण्याची बाटली हळूच तिच्या पायाजवळून बाजूला सरकवली.

नाटक संपलं तेव्हा सगळं थेटर उभं राहून टाळ्या वाजवत होतं. किशन वाजवत होता, बाबूलाल तर हात डोक्यावर नेऊन वाजवत होता. रुपाबाई एकटी बसून होती. बाबूलालने किशनच्या मागून वाकून विचारलं, "ऊठ ना वं, लोकं काय म्हणतीन? नाटक आवडलं नाही काय?"

"लय आवडलं," रुपाबाई हळूच म्हणाली. "पोरगी झोपली आहे. तुमी वाजवा."